त्या दिवशींचा दर

नागपूर हें शहर कोणत्या राज्यांत आहे, असें कोणीं विचारिलें तर पांचव्या इयत्तेंतील मुलगाहि न अडखळतां उत्तर देईल. परंतु त्याच प्रश्नास एक लहानशी जोड देऊन, “अमुक तारखेस तें कोणत्या राज्यांत होतें?” असें विचारिलें, तर भले भले थबकतात. १९५० च्या पूर्वीं हें शहर मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होतें. १९५० च्या जानेवारींत तोच प्रांत मध्यप्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यांत आलें, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. शहर जागचें तिळभरहि हललें नाहीं, पण त्याचा पत्ता तीन वेळां बदलला. एखाद्या आजोबांच्या पेटींत १९५५, १९५८ व १९६२ या सालचे तीन दाखले निघाले आणि त्यांवर तीन निरनिराळ्या राज्यांचीं नांवें आढळलीं, तर त्यांतील एकहि दाखला खोटा ठरत नाहीं. प्रत्येक दाखला आपल्या दिवसापुरता खरा आहे.

जगांतील पुष्कळ गोष्टी अशाच आहेत. व्याजाचा दर, टपालाचें हंशील, महागाईचा भत्ता, शाळेची फी, या सर्वांविषयीं “किती?” असें विचारण्यापूर्वीं “कधीं?” असें विचारावें लागतें. आणि गंमत अशी कीं, आपण ज्या दिवसाविषयीं विचारतों तो दिवस बहुधा कोणत्याच यादींत लिहिलेला नसतो. यादींत असतो तो केवळ बदलाचा दिवस.

अशा प्रश्नाचें उत्तर काढण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांस फार दिवसांपासून अवगत आहे. पंचांगांत सुमारें ७ जूनला सूर्याचें मृग नक्षत्र लागतें, २१ जूनच्या सुमारास आर्द्रा, आणि ५ जुलैच्या सुमारास पुनर्वसु. आतां २८ जून रोजीं बांधावर उभें राहून कोणीं विचारिलें, “नक्षत्र कोणतें चालू आहे?” तर त्या यादींत २८ जून ही तारीख कोठेंच नसते. म्हणून शेतकरी ‘उत्तर नाहीं’ असें म्हणत नाहीं. तो यादीवरून बोट खालीं नेतो, पुनर्वसु अजून लागावयाचें आहे हें पाहून थांबतो, एक ओळ मागें येतो, आणि सांगतो, “आर्द्रा.” विचारलेल्या दिवसाच्या पुढें न गेलेली अशी सर्वांत शेवटची तारीख कोणती, एवढेंच त्यानें पाहिलें. एकदां लागलेलें नक्षत्र दुसरें लागेपर्यंत चालूच असतें, हा नियम त्याच्या मनांत पक्का ठसलेला असतो.

मात्र सर्वच ठिकाणीं मागें पाहून भागत नाहीं. आपल्या शाळेंत ज्या सणाची सर्व मुलें वाट पाहत असतात, तो ईस्टरचा रविवार घ्या. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर चर्चच्या गणिताप्रमाणें येणारी जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्चच्या अलीकडे किंवा २५ एप्रिलच्या पलीकडे कधींच जात नाहीं. येथें शोध पुढें पाहणारा आहे: “यानंतरचा पहिला कोणता?” नक्षत्र पाहणाऱ्याचा शोध मागें पाहणारा आहे: “याच्या आधींचा शेवटचा कोणता?” दर, भाव, भत्ते व राजवटी यांचा हिशेब या दुसऱ्या जातीचा आहे, आणि आज आम्हांस त्याविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत.

हल्लीं हिशेबाचें बहुतेक काम वहीवरून संगणकाच्या पडद्यावर गेलें आहे. उभ्याआडव्या रेघांनीं घरें पाडलेला जो अफाट कागद त्या पडद्यावर दिसतो, त्यास स्प्रेडशीट म्हणतात. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन या दोघांनीं तयार केलेलें व्हिसिकॅल्क १९७९ सालीं विक्रीस आलें, आणि घरच्या संगणकावर असा कागद लोकांस प्रथम मिळाला. पुढें १९८५ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीचें एक्सेल आलें. आज आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत मुलें त्यावरच हात बसवितात.

एक्सेलमध्यें अशा शोधासाठीं व्हीलुकअप नांवाचें एक सूत्र आहे. त्यास चार गोष्टी सांगावयाच्या असतात. काय शोधावयाचें, ही पहिली. कोणत्या कोष्टकांत शोधावयाचें, ही दुसरी. सांपडलेल्या ओळीच्या कितव्या घरांतील मूल्य आणावयाचें, ही तिसरी. चौथ्या गोष्टीकडे घाईच्या माणसाचें लक्ष जात नाहीं. तंतोतंत तीच तारीख हवी, कीं तिच्या आधींची शेवटची चालेल, हें तेथें सांगावयाचें असतें. तंतोतंत हवी असें म्हटल्यास यंत्र २८ जून शोधीत बसतें आणि ती न मिळाल्यामुळें ‘उपलब्ध नाहीं’ अशा अर्थाची खूण करून मोकळें होतें. आधींची चालेल असें म्हटल्यास तेंच यंत्र आपल्या शेतकऱ्याप्रमाणें एक ओळ मागें येतें आणि ‘आर्द्रा’ असें उत्तर देतें. २०१९ सालीं जाहीर झालेल्या एक्सलुकअप या नव्या सूत्रांत तर ही निवड आकड्यानें सांगतां येते: उणे एक म्हटलें कीं मागची ओळ, अधिक एक म्हटलें कीं पुढची.

हा विषय आम्हीं केवळ कुतूहल म्हणून हातीं घेतला नाहीं. वसतिगृहांत अनेक वर्षें स्वयंपाक करून निवृत्त झालेल्या एक मावशी आहेत. त्यांच्या हातची भाकरी खाऊन मोठे झालेले विद्यार्थी आज ठिकठिकाणीं पोटापाण्यास लागले आहेत. या मावशींनीं २००५ सालीं सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचें, म्हणजे लोक ज्यास पी. पी. एफ. म्हणतात तें, खातें उघडिलें. पगार हातीं पडला कीं त्यांतून कांहीं रक्कम त्या नेमानें भरीत. पंधरा वर्षांची मुदत भरल्यावरहि त्यांनीं खातें मोडलें नाहीं, मुदत वाढवून घेतली. पुढें त्यांची नात परिचारिकेच्या शिक्षणास लागली आणि तिच्या फीसाठीं या खात्यांतून पैसे काढण्याचें त्यांनीं ठरविलें.

त्याच सुमारास त्यांच्या दिरांनीं पासबुक सहज चाळलें. दीर हिशेबी गृहस्थ, मनाचे सरळ. कागद-पेन्सिल घेऊन त्यांनीं आंकडेमोड केली आणि गंभीर चेहऱ्यानें सांगितलें, “वहिनी, या खात्याला शेंकडा ७.१ दरानें व्याज मिळतें. पण तुमच्या पासबुकांत कित्येक वर्षें त्याहून जास्त पडलें आहे. उद्यां कोणाच्या ध्यानांत आलें, तर जास्तीचे पैसे परत मागतील.” मावशींची झोप उडाली. पैसे काढण्याचा अर्ज त्यांनीं तसाच पिशवींत ठेवला. एके दिवशीं शाळा सुटतांना त्या आमच्याकडे आल्या व म्हणाल्या, “मास्तर, दुसऱ्याचा पैसा माझ्याकडे आला असेल, तर तो मला नको. पण किती परत करायचा तें तरी सांगा. उरेल त्यांत पोरीची फी भरीन.”

हें ऐकून आम्ही क्षणभर गप्प राहिलों. दिरांचा गुणाकार बरोबर होता. ७.१ हा दरहि खरा होता, पण तो १ एप्रिल २०२० पासूनचा. त्याच्या आधींच्या पंधरा वर्षांस तो लावणें म्हणजे १९५५ च्या दाखल्यावर महाराष्ट्र राज्याचें नांव शोधणें होय. बाईंचा प्रामाणिकपणा निःशंक होता, म्हणून तर त्यांस ही भीति अधिक जाचत होती. तोंडी धीर देऊन ती जाणारी नव्हती. प्रत्येक वर्षाचा आकडा त्या वर्षाच्या दरानें काढून, पासबुकाशीं ताडून दाखविणें हाच एक मार्ग होता.

म्हणून नववीच्या दोन विद्यार्थिनींस सोबत घेऊन आम्ही संगणकाच्या खोलींत बसलों. सरकारनें वेळोवेळीं जाहीर केलेले दर मुलींनीं प्रथम एका खालीं एक लिहून काढले. ती यादी येथें देतों. ज्या पालकांचीं अशीं खातीं आहेत, त्यांस तिचा उपयोग होईल.

१ एप्रिल १९८६ पासून: १२ टक्के
१५ जानेवारी २००० पासून: ११ टक्के
१ मार्च २००१ पासून: ९.५ टक्के
१ मार्च २००२ पासून: ९ टक्के
१ मार्च २००३ पासून: ८ टक्के
१ डिसेंबर २०११ पासून: ८.६ टक्के
१ एप्रिल २०१२ पासून: ८.८ टक्के
१ एप्रिल २०१३ पासून: ८.७ टक्के
१ एप्रिल २०१६ पासून: ८.१ टक्के
१ ऑक्टोबर २०१६ पासून: ८ टक्के
१ एप्रिल २०१७ पासून: ७.९ टक्के
१ जुलै २०१७ पासून: ७.८ टक्के
१ जानेवारी २०१८ पासून: ७.६ टक्के
१ ऑक्टोबर २०१८ पासून: ८ टक्के
१ जुलै २०१९ पासून: ७.९ टक्के
१ एप्रिल २०२० पासून: ७.१ टक्के

सोळा ओळींचें हें कोष्टक लक्षपूर्वक पाहिलें म्हणजे त्यांतील विषमता ध्यानांत येते. ८ टक्क्यांचा एक दर पावणेनऊ वर्षें टिकला, तर ७.९ टक्क्यांचा एक दर अवघे तीन महिने. कोणता दर आर्थिक वर्षाच्या आरंभीं लागला, कोणता मध्येंच, आणि एक तर महिन्याच्याहि मध्येंच, १५ तारखेस. त्यामुळें ‘अमक्या वर्षाचा दर काय?’ हा प्रश्नच कित्येक वेळां चुकीचा ठरतो. एका वर्षाच्या पोटांत दोन किंवा तीन दर असूं शकतात.

उदाहरणार्थ, एप्रिल २०११ ते मार्च २०१२ या वर्षीं खात्यांत सबंध वर्षभर १०,००० रुपये होते असें धरूं. पहिल्या आठ महिन्यांचें व्याज ८ टक्क्यांनीं ५३३ रुपये ३३ पैसे होतें. उरलेल्या चार महिन्यांचें ८.६ टक्क्यांनीं २८६ रुपये ६७ पैसे. बेरीज बरोबर ८२० रुपये. सबंध वर्षास ८ टक्के लावले तर ८०० येतात, ८.६ लावले तर ८६०, आणि दिरांप्रमाणें ७.१ लावले तर ७१०. आकडे चार, पण न्यायाचा आकडा एकच. एप्रिल २०१७ पासूनच्या वर्षांत तर तीन दर आहेत: तीन महिने ७.९, सहा महिने ७.८ व तीन महिने ७.६. दहा हजारांस त्या वर्षाचें व्याज ७७७ रुपये ५० पैसे होतें. या दोन्ही वर्षांत ७.१ टक्क्यांचें व्याज कमीच भरतें, आणि वरची यादी पाहिली तर २०२० पूर्वींच्या प्रत्येक वर्षीं तें कमीच भरणार हें उघड आहे. दिरांस जें ‘जास्त’ दिसलें तें हेंच.

आतां यंत्राकडे वळूं. मुलींनीं तारखा आपल्या नेहमींच्या रीतीनें, आधीं दिवस, मग महिना, मग साल, अशा अंकांत लिहिल्या. संगणकाची मांडणी मात्र अमेरिकेच्या रीतीची होती. तेथें महिना आधीं व दिवस नंतर लिहितात. त्यामुळें १ डिसेंबर २०११ ही तारीख यंत्रानें १२ जानेवारी २०११ अशी वाचली. येथील धोका बारकाईनें पाहण्यासारखा आहे. यादींतील जवळजवळ सर्व तारखा महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या असल्यामुळें, त्या सर्वच्या सर्व त्याच सालच्या जानेवारींत जाऊन बसल्या. क्रम बिघडला नाहीं, यंत्रानें कुरकुर केली नाहीं, लाल खूण उमटली नाहीं. पण फेब्रुवारी २०११ चा दर विचारला असतां ८ ऐवजीं ८.६ असें उत्तर आलें असतें, आणि तें इतक्या शांतपणें कीं कोणास शंकाहि येऊं नये.

हा घोटाळा उघडकीस आणला तो १५ जानेवारी २००० या एका तारखेनें. पंधरावा महिना यंत्राच्या पंचांगांत नाहीं. म्हणून ती तारीख न समजून त्यानें ती नुसतीं अक्षरें म्हणून ठेवून दिली. यंत्र तारखेस आंतून एक संख्या समजतें. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, आणि तेथून मोजतां १ एप्रिल २०२० हा ४३९२२ वा. संख्या घराच्या उजव्या कडेस चिकटते आणि अक्षरें डाव्या कडेस. दोघींपैकीं एकीच्या ध्यानांत आलें कीं पंधरा तारखा उजवीकडे आहेत व एकच डावीकडे. “सर, ही एकटीच रांग सोडून कां उभी आहे?” असें तिनें विचारिलें, आणि त्या एका प्रश्नानें सबंध हिशेब वांचला. मग त्या दोघींनीं सर्व तारखा पुन्हां लिहिल्या, पण आधीं साल, मग महिना, मग दिवस या क्रमानें. असें लिहिल्यास संशयास जागा राहत नाहीं.

दुसरी गोष्ट क्रमाची. व्हीलुकअपला ‘आधींची शेवटची चालेल’ असें सांगितलें म्हणजे तें वरून खालीं एकेक ओळ वाचीत नाहीं. आपण शब्दकोश मध्येंच उघडून शब्द पुढें आहे कीं मागें हें पाहतों, आणि मग उरलेल्या अर्ध्या भागाचे पुन्हां दोन भाग करतों, तसें तें करतें. सोळा ओळींत चार-पांच पावलांत तें मुक्कामास पोंचतें. पण ज्या शब्दकोशाचीं पानें उलटींसुलटीं शिवलीं आहेत, त्यांत ही युक्ति काय कामाची? म्हणून तारखा जुन्यापासून नव्याकडे अशा चढत्या क्रमानेंच असाव्या लागतात. क्रम मोडला असतांहि यंत्र उत्तर देतें, पण तें उत्तर खरें असेलच असें नाहीं.

तिसरी गोष्ट खंडाची, आणि ही समजण्यास इतिहासासारखें साधन नाहीं. पेशव्यांची यादी केवळ आरंभाच्या सालांनीं लिहिली, तर सवाई माधवरावांची ओळ १७७४ पासून सुरू होते आणि दुसऱ्या बाजीरावांची डिसेंबर १७९६ पासून. आतां जानेवारी १७९६ मध्यें पेशवे कोण, असें यंत्रास विचारिलें तर तें बेधडक सवाई माधवरावांचें नांव सांगेल. पण ते तर ऑक्टोबर १७९५ मध्येंच निधन पावले होते, आणि मधल्या काळांत चिमाजी आप्पांस १७९६ सालीं कांहीं महिने गादीवर बसविण्यांत आलें होतें. यंत्र खोटें बोललें नाहीं. एक राजवट दुसरी लागेपर्यंत चालते, हा आपणच त्यास दिलेला नियम त्यानें पाळला. पण गादी रिकामी राहूं शकते, हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. अशा ठिकाणीं ‘पासून’ या स्तंभाच्या शेजारीं ‘पर्यंत’ असा दुसरा स्तंभ लिहावा लागतो. (एक्सेलचें पंचांग १९०० च्या मागें जात नाहीं. म्हणून पेशवाईसारख्या जुन्या यादीसाठीं सालास शंभरानें गुणून त्यांत महिना मिळवावा. मग जानेवारी १७९६ ही १७९६०१ अशी साधी संख्या होते आणि शोध बिनतक्रार चालतो.)

दोन्ही टोकें लिहिलीं म्हणजे मात्र आणखी एक दक्षता घ्यावी लागते. ‘पासून’ ज्याच्या आधीं किंवा त्याच दिवशीं, आणि ‘पर्यंत’ ज्याच्या नंतर किंवा त्याच दिवशीं, अशा ओळींची बेरीज करणारें सम-इफ्स नांवाचें सूत्र आहे. ओळ एकच लागली तर बेरीज म्हणजेच तो दर. पण समजा, ८ टक्क्यांच्या ओळींत ‘पर्यंत’ म्हणून ३० नोव्हेंबरऐवजीं ३१ डिसेंबर २०११ असें पडलें. मग १५ डिसेंबरला दोन ओळी लागतात आणि यंत्र १६.६ टक्के असा दर सांगतें! कोठें खंड राहिला, तर तेंच यंत्र शून्य सांगतें. म्हणून बेरजेच्या आधीं काउंट-इफ्स या सूत्रानें किती ओळी लागल्या तें मोजावें. एक लागली तरच पुढें जावें.

एवढें झाल्यावर मुलींनीं सीमेवरचे दिवस तपासले. ३० नोव्हेंबर २०११ ला ८, आणि १ डिसेंबरला ८.६. ३१ मार्च २०२० ला ७.९, आणि दुसऱ्या दिवशीं ७.१. मधल्या दिवसांचें उत्तर चुकीच्या सूत्रानेंहि कधीं कधीं बरोबर येतें. खरी परीक्षा उंबरठ्यावरच होते.

मग २००५ पासूनचा प्रत्येक महिना एकेका ओळींत मांडला. या खात्याचा नियम असा कीं, महिन्याची ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत जी कमींत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचें व्याज धरतात, आणि वर्षाचें सर्व व्याज ३१ मार्चला जमा करतात. मावशी पैसे भरीत त्या बहुधा ८ ते १० तारखेस. म्हणून प्रत्येक भरण्यावर त्या महिन्याचें व्याज त्यांस मिळालें नव्हतें. हें कळल्यावर दोघी मुली हळहळल्या. पालकांनींहि ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे: तेच पैसे ५ तारखेपर्यंत भरले तर एका महिन्याचें व्याज पदरांत पडतें.

दुसऱ्या दिवशींच्या संध्याकाळीं शेवटचें वर्ष जुळलें. पासबुकांतील प्रत्येक ३१ मार्चचा आकडा आमच्या कोष्टकांतील आकड्याशीं मिळाला. कोठें रुपयाच्या आंतबाहेर फरक होता तेवढाच. आम्हीं मावशींस बोलावून पडद्यापाशीं बसविलें. मुलींनीं एकेक वर्ष वाचून दाखविलें, त्या पासबुकांतील ओळीवर बोट ठेवीत गेल्या. शेवटीं आम्हीं म्हटलें, “मावशी, दुसऱ्याचा एक पैसाहि तुमच्याकडे आलेला नाहीं. हें सर्व तुमचेंच आहे.” त्यांनीं पासबुक मिटलें, पदरानें पुसलें, आणि एवढेंच विचारिलें, “मग पोरीची फी भरूं ना?” दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं अर्ज दिला. त्यांचे दीरहि नंतर येऊन सर्व पाहून गेले, आणि ते सोळा दर त्यांनीं आपल्या हातानें पासबुकाच्या आंतल्या बाजूस उतरून घेतले.

बालमित्रहो, या हकीकतींतून तुम्हीं व्हीलुकअप शिकावें ही आमची इच्छा आहेच, पण त्याहून मोठी एक इच्छा आहे. आजचा दर कालच्या दिवसास लावण्याची ओढ आपणां सर्वांस असते, कारण आजचा दर आपणांस ठाऊक असतो आणि कालचा शोधावा लागतो. आजोबा सांगतात कीं, त्यांच्या लहानपणीं महिन्याची फी अमुक आणे होती, आणि आपण हंसतों. पण १ एप्रिल १९५७ पूर्वीं रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होते, त्यानंतर शंभर पैसे झाले. त्या आण्यांत त्या दिवशीं काय मिळत होतें आणि ते मिळविण्यास किती राबावें लागत होतें, हें पाहिल्याशिवाय ती फी थोडी कीं फार, हें सांगतां येत नाहीं. माणसांच्या वागण्याचें मोल करतांनाहि असेंच आहे. एखाद्यानें अडचणीच्या दिवसांत दिलेले दहा रुपये आजच्या सुबत्तेच्या दिवसांतील दहांच्या शेजारीं ठेवून मोजूं नयेत. ज्या दिवशीं दिले, त्या दिवशींची ओळ आधीं शोधावी.

आणि कोष्टकाच्या शेवटच्या ओळीवर फार विसंबूं नये. तिला ‘पर्यंत’ नसतो, म्हणून ती अक्षय आहे असें यंत्र समजतें. कोणी नवी ओळ लिहिली नाहीं, तर दहा वर्षांनींहि तें हाच जुना दर तितक्याच खात्रीनें सांगत राहील. अशा बचतींच्या दरांचा सरकार दर तीन महिन्यांनीं विचार करतें. ७.१ चा दर २०२५ साल संपेपर्यंत बदलला नव्हता, पण पुढें तो तसाच राहील असें कोणी सांगावें? म्हणून त्या दोन मुलींनीं कोष्टकाच्या तळाशीं एक जास्तीचें घर आंखलें आहे, आणि त्यावर ‘शेवटीं तपासल्याची तारीख’ असें लिहिलें आहे. त्या आतां दहावींत गेल्या. दर तीन महिन्यांनीं त्या घरांत नवी तारीख घालण्याचें काम त्यांनीं यंदाच्या नववीच्या वर्गाकडे सोंपविलें आहे.